दोन विड्यांवर राजगड

"बोलते हो ती. पण आधी आतल्या आत इंग्रजीत लिहून काढत असावी, म्हणून वेळ लागतो."

आत्या मागच्या दारी शेजारणीला सांगत होती. मी माजघरात चटईवर बसून आतोबांची वही इंग्रजीत उतरवत होते आणि दार उघडंच होतं. शेजारीण हसली. मला राग आला नाही, कारण आत्याचं म्हणणं बरंचसं खरं होतं. पुण्याच्या मिशनच्या शाळेत दहा वर्षं काढल्यावर मला इंग्रजी बोलायची लाज वाटे, मराठी बोलायची धास्ती, आणि दोन्ही भाषांत गप्प बसणं मात्र चांगलं जमे. मॅट्रिकची परीक्षा संपली तशी आईने मला उन्हाळ्यापुरतं भोरला आत्याकडे धाडलं होतं, चार माणसांत मिसळायला. आत्याच्या घरी चार माणसं नव्हती. आत्या होती, तिचे यजमान म्हणजे आमचे आतोबा होते, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. उरलेल्या माणसांच्या जागी ते बहुधा संस्थानाला धरत.

भोर तेव्हा संस्थान होतं. म्हणजे एक लहानसा देशच. आपला दरबार, आपली कचेरी, आपला तुरुंग, आणि तालुक्यांना नावं गडांची. विचित्रगड तालुका, राजगड तालुका, प्रचंडगड तालुका. शाळेत आम्ही जगातल्या लहान लहान देशांची यादी राजधान्यांसकट पाठ केली होती. तिच्यात भोर नव्हतं. हे मी आतोबांना कधी सांगितलं नाही.

आतोबा दरबारचे दप्तरदार होते. जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्यांना दप्तरात रुमाल म्हणतात. असे शेकडो रुमाल एका अंधाऱ्या दालनात होते आणि अठ्ठावीस वर्षं आतोबा त्यांच्यात वावरत होते. त्यांच्या कोटाला नेहमी कडुनिंबाच्या पाल्याचा आणि धुळीचा वास येई. उन्हाळ्यात कचेरीतली बाकीची मंडळी रजा घेऊन कोकणात, देवाला, सासुरवाडीला जात. त्याच दिवसांत रुमाल उन्हात घालावे लागत, नाहीतर वाळवी लागते. म्हणून आतोबांनी अठ्ठावीस वर्षांत उन्हाळ्याची रजा घेतली नव्हती.

आणि त्या वर्षी ते पुस्तक लिहीत होते ते सुट्टीत कुठे कुठे जावं याचं.

त्याचं असं झालं होतं की भाटघरचं धरण पाहायला पुण्याहून मोटारी येऊ लागल्या होत्या. आलेले लोक धरण पाहत, डबा खात आणि परत जात. दरबारात कुणाच्या तरी मनात आलं, की आपल्या मुलखात पाहण्यासारखं इतकं असताना लोकांनी नुसतं पाणी पाहून का जावं? तेव्हा एक लहानसं इंग्रजी पुस्तक काढावं, आणि ज्याचं पुस्तक पसंत पडेल त्यालाच पाहुण्यांना हिंडवून दाखवायच्या कामावर नेमावं, असं ठरलं. आतोबांची पेन्शन वर्षावर आली होती. ते काम मिळावं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती त्यांनी कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. मला ती आत्याने सांगितली, भाकरी थापता थापता.

"ह्यांना राजगडाचा दगड न् दगड पाठ आहे. कुठला बुरूज कधी ढासळला, कुणी बांधला, विचार. पण गड काही पाहिलेला नाही. उद्या पेन्शन झाली की कागदही जाणार. मग ओटीवर बसून काय करायचं माणसाने? माझं तोंड किती पाहणार?"

"तुझं काय वाईट आहे, आत्या?" असं म्हणावं असं मला वाटलं. ते मी मनातच ठेवलं. तोवर भाकरी तव्यावर पडली होती.

वही चांगली झाली होती. खरंच चांगली. पहिली सहल, नसरापूरचं बनेश्वर: गर्द झाडी, कुंड, मागे ओढ्याचा धबधबा. दुसरी, अंबवड्याचं नागेश्वर. मग रामनवमीचा उत्सव. मग रायरेश्वराचं पठार, मग वेल्हे आणि तोरणा, आणि शेवटी राजगड. आतोबा येरझाऱ्या घालत मराठीत सांगत आणि मी इंग्रजीत लिही. ते "जागृत देवस्थान" म्हणाले की मी बराच वेळ पेन तोंडात धरून बसे. सहल कोणतीही असो, आतोबांचा प्रवासी आधी स्नान-संध्या आटोपे. पुण्याहून मोटारीने येणारा साहेब ओढ्यावर संध्या करत बसला आहे असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येई, पण मी ते तसंच लिहीत गेले.

आत्याचाही पुस्तकाला हातभार होता. ती स्वयंपाकघरातून मजकूर पुरवी. "अंबवड्याला दशम्या न्याव्यात म्हणावं, भात नेऊ नये, आंबतो." "धरणावर वारा फार. बायकांनी ओचा घट्ट मारावा, हे लिही." ओच्याच्या इंग्रजीवर माझी एक अख्खी दुपार गेली. शेवटी मी "बायकांनी वाऱ्यापासून सावध राहावं" एवढंच लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर आत्या म्हणाली, "तुमच्या इंग्रजीत नेसायचं काही नसतंच का गं?"

राहता राहिली अंतरं.

आतोबांचा दप्तरावर विश्वास होता, आणि दप्तरात जे साक्षीनिशी आलं ते खरं, असा त्यांचा नियम होता. गावोगावचे पाटील, शेतकरी, धनगर कामाला कचेरीत आले की आतोबा त्यांना दुपारी घरी बोलावत, पाणी देत, पान देत आणि विचारत, "तुमच्या गावापासून अमुक ठिकाण किती दूर?" मग नाव, गाव, उत्तर, आणि खाली दोघांच्या साक्षी. रीतसर जबानी. आता डोंगरातला माणूस अंतर मैलांत सांगत नाही. तो म्हणतो, पान चघळून होईस्तोवर जाल. म्हणून आतोबांनी एक कोष्टक केलं होतं. एक विडा म्हणजे पाव तास. एक चिलीम म्हणजे अर्धा विडा. भाकर पोटात जिरेस्तोवर, चार विडे. नुसतं "हितंच" असेल तर त्याचं काय करायचं, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि पाव विडा धरला.

ते कोष्टक लावून मी पक्की प्रत करत होते. राजगडापाशी आले तेव्हा पाहिलं, पाली गावापासून वर पद्मावती माचीपर्यंत दोन विडे. म्हणजे अर्धा तास. खाली पालीच्या पाटलाची सही आणि दोन साक्षीदारांचे अंगठे. मला शंका आली म्हणून मी सगळ्या विड्यांची बेरीज करून पाहिली. त्या बेरजेप्रमाणे उजाडता भोरहून निघालेला माणूस धरण, अंबवडं, बनेश्वर, राजगड, तोरणा सगळं पाहून दुपारच्या पानावर घरी परत येत होता. देश लहान होता, पण इतका लहान असावा असं मला वाटेना.

उलगडा झाला तो बाजाराच्या दिवशी. रायरेश्वराच्या बाजूच्या धनगरवाड्यावरून एक म्हातारी लोणी घेऊन यायची. ती मागच्या दारी बसून आत्याशी बोलत होती आणि ओटीवरून आतोबांचा आवाज येत होता. कुणाला तरी विचारत होते, किती दूर, किती दूर.

म्हातारी हसायला लागली. "वैनी, भाऊसाब समद्यांस्नी ह्येच इचारत्यात व्हय?"

"हो. पुस्तक करतायत."

"आन लोक काय सांगत्यात?"

"जवळच आहे म्हणतात सगळे."

"म्हननारच की. वाट इचारनाऱ्या मान्साला कुनी लांब म्हनतं व्हय? त्याचं पाय तितंच गळत्यात. मान्सानं इचारलं की हितंच म्हनायचं. चालतंय बिचारं."

आत्याचा हात लोण्याच्या मडक्यावर थांबला. "मग खरं किती ते कधी सांगायचं?"

"खरं सांगायचं कशाला? ते चालून झाल्यावर कळतंयच की."

मला त्यात नवल वाटायला नको होतं. आपणही घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, आणि ते कुणी खोटं धरत नाही. डोंगरातली माणसं लांबला हितंच म्हणत होती, ती त्याच चालीवर. फक्त आतोबांनी त्या मायेवर दोघांच्या साक्षी घेतल्या होत्या आणि तिला पाव तासाने गुणलं होतं.

म्हातारी गेल्यावर आत्या आत आली. मी वहीवर डोकं घालून बसले होते. ती चटईच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "ऐकलंस ना?"

मी मान हलवली.

"ह्यांना एवढ्यात सांगू नकोस. परवा कचेरीतून शीळ घालत आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्यांना शीळ येते हे मला ठाऊक नव्हतं."

आत्याने एवढ्यात म्हटलं होतं, कधीच नाही असं नव्हे. दुसऱ्या दिवसापासून मी एक वाक्य तयार करायला लागले. "आतोबा, अंतरं एकदा पुन्हा पाहायला हवीत." फार मोठं वाक्य नव्हतं. विहिरीवर मी ते पाठ म्हणे, जिन्यात म्हणे, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "काय गं?" मी म्हणे, "शाई संपली." मग ते उठून शाई देत. एका दिवसात तीनदा दौत भरली. आत्या म्हणाली, "या पोरीला इंग्रजी कमी आणि शाई जास्त लागते." चौथ्या दिवशी वही लाल दोऱ्याने शिवून दरबारात गेली, दोन विड्यांसकट.

आठ-दहा दिवसांनी निरोप आला. पुण्याचे एक वृद्ध प्रोफेसर, आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेले, दरबारच्या विनंतीवरून वही तपासणार होते. नुसती वाचून नव्हे. शेवटची सहल, नसरापूर ते राजगड, ते वहीत लिहिल्याप्रमाणे स्वतः करून पाहणार होते. आतोबांनी बरोबर जायचं, इंग्रजी माझं म्हणून मी, आणि मी जायचं म्हणून आत्या. आतोबांनी कोट उन्हात घातला. रुमालांऐवजी कोट उन्हात पडलेला त्या घराने पहिल्यांदाच पाहिला असेल.

प्रोफेसर बनेश्वराच्या देवळात भेटले. किडकिडीत, पांढऱ्या मिशा, हातात छत्री आणि खिशात साखळीचं घड्याळ. घड्याळ पाहिल्याबरोबर मला ते दोन विडे आठवले. ते दर पाच मिनिटांनी काढून पाहायची त्यांना सवय होती. देवदर्शन झालं, आत्याच्या दशम्या झाल्या, आणि दहाच्या सुमारास आम्ही बैलगाडीत बसलो. वहीप्रमाणे नसरापूर ते पाली तीन विडे.

पहिला तास प्रोफेसर नुसतं घड्याळ पाहत होते. दुसऱ्या तासाला त्यांनी भाताच्या शेतात राब भाजायला पाल्याचा भारा नेणाऱ्या एका माणसाला हटकलं, "पाली किती लांब, दादा?"

"हे काय, हितंच की," तो म्हणाला आणि पुढे गेला.

तिसऱ्या तासाला एका गुराख्याने तेच सांगितलं. चौथ्या तासाला विहिरीवरच्या दोन बायकांनी. प्रोफेसर प्रत्येकाचं उत्तर वहीच्या समासात पेन्सिलीने टिपून घेत आणि पुढे घड्याळातली वेळ घालत. मग त्यांनी आतोबांकडे पाहिलं. "दप्तरदार, तुमच्या संस्थानात पान फार सावकाश खातात."

आतोबा म्हणाले, "बैल जरा मंद आहेत, साहेब."

"बैल मंद आहेत," प्रोफेसरांनी मान डोलावली आणि तेही टिपून घेतलं.

आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "गाडीवानाने ऐकलं तर बैल आणखी मंद होतील." गाडीवानाने ऐकलं होतं. त्याचा चेहरा पालीपर्यंत तसाच राहिला.

मला मात्र आतोबांकडे पाहवत नव्हतं, आणि पाहिल्याशिवाय राहवतही नव्हतं. कारण त्या माणसाला आपलं काही चुकतं आहे याचा पत्ताच नव्हता. गाडी मार्गासनी गाव सोडून आत वळली आणि समोर डोंगरांच्या रांगा उलगडायला लागल्या तसे ते गुडघ्यांवर उभे राहिले. छपराचा बांबू धरून बघत राहिले. एका ठिकाणी डोंगराच्या माथ्यावर ताठ, उघडा कडा दिसला. ते म्हणाले, "बालेकिल्ला," आणि खाली बसले. प्रोफेसरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पण ते टिपून घेतलं नाही.

पालीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पाटलांच्या घरी उतरलो. पाटील म्हणजे वहीत सही असलेले तेच. चांगले उंचेपुरे, तोंडात पान. जेवणं झाली आणि आम्ही लवकर झोपलो. सकाळी निघता निघता प्रोफेसरांनी त्यांना विचारलं, "पाटील, गड दोन विड्यांवर आहे अशी तुमची जबानी आहे."

"व्हय की," पाटील म्हणाले. "म्याच दिली."

"खरी आहे का?"

"भाऊसाबांस्नी दिल्याली, खरी आसंलच की. भाऊसाब ओटीवर बसल्यालं व्हतं. बसल्याल्या मान्साला दोन पानं लई झाली."

"आणि आम्हांला किती लागतील?"

"तुमी तर निघालाच. आता कशाला इचारता?"

प्रोफेसर हसले. आतोबा हसले नाहीत. पाटलांच्या तोंडाकडे ते एकटक पाहत राहिले, आणि त्यांच्या मनात काहीतरी जुळायला लागलं आहे, हे मला कळलं. मग त्यांनी पगडी नीट बसवली आणि चालायला लागले. पाटील वाट दाखवायला बरोबर निघाले.

पालीची वाट सरळ आणि रुंद आहे. पण चढ तो चढच. करवंदीच्या जाळ्या संपल्या, सावली संपली. सकाळचं ऊन असूनही खडक तापायला लागले होते. वरून लाकडाच्या मोळ्या घेऊन चार बायका उतरत आल्या, अनवाणी, आपसात बोलत, जणू अंगणातून येत होत्या. प्रोफेसरांनी श्वास घेत विचारलं आणि चौघी एकदम म्हणाल्या, "हितंच." त्यातली एक आत्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमी या हळूहळू. म्हाताऱ्या बाबांस्नी फुडं घाला, म्हंजी बसत्याल न्हाईत." आत्याला ते इतकं पटलं की तिने ताबडतोब अंमलात आणलं.

प्रोफेसर तरी बसलेच. निम्म्याहून थोडी जास्त वाट झाली असेल. एका मोठ्या धोंड्याला टेकून त्यांनी घड्याळ काढलं. "दीड तास," ते म्हणाले. "वहीप्रमाणे एव्हाना आपलं दर्शन होऊन, जेवण होऊन, मी वामकुक्षी करत असायला हरकत नव्हती." आत्याने त्यांना पाणी दिलं आणि गाठोडं सोडून गूळ काढला.

आतोबा बसले नाहीत. कोट घामाने भिजला होता, पगडी हातात होती, टकलावर ऊन पडलं होतं, आणि ते प्रोफेसरांची छत्री घेऊन तिच्या टोकाने वर दाखवत होते. "इथून वाट डाव्या अंगाला वळते. मग पायऱ्या लागतात, कातळात खोदलेल्या, उंच उंच. मग पहिला दरवाजा. त्याला अगदी लागून दुसरा. पहिल्याच्या उजव्या बाजूचा कट्टा एकदा पावसात खचला होता, तो पुन्हा बांधला, पण दगड निराळा लावला. तो ओळखू येईल." पाटील चक्रावून बघत होते. ते म्हणाले, "भाऊसाब, कट्ट्याचा धोंडा येगळा हाय ह्ये आमच्या गावातबी समद्यांस्नी ठावं न्हाई."

प्रोफेसरांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि आतोबांकडे कौतुकाने पाहिलं. "वाः. इतकं बारीक ठाऊक आहे म्हणजे बऱ्याचदा येणं झालं असेल. शेवटचे कधी आला होतात?"

आतोबा पगडीच्या आत बघत राहिले. तिच्या आत काही लिहिलेलं नव्हतं. नाही म्हणावं तर जागा जाणार, असं त्यांना वाटलं असेल. न पाहिलेला गड दाखवायला कोण नेमील?

"झाले दिवस," ते हळूच म्हणाले.

आत्या गाठोडं बांधत होती. तिने गाठ अर्धवटच सोडली.

प्रोफेसरांनी वही मिटली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती, आणि थट्टा नाही म्हणून मला भीती वाटली. "मग माझी पंचाईत आहे, दप्तरदार. वही सुंदर आहे. मला वाटत होतं, लिहिणाऱ्याने ही वाट स्वतः पाहिलेली नसावी. न पाहिल्याने चूक झाली तर ती मी समजतो. चालून ती सुधारता येते. पण जो ही वाट चढला आहे आणि तरी अर्धा तास लिहितो, त्याच्या हाती पाहुणे देऊ नका, असं मला कळवावं लागेल. उद्या माझ्यासारखा कुणी तुमच्यावर विसंबून पाण्याविना निघाला तर काय?"

पाटील आभाळाकडे पाहायला लागले, जसे काही पावसाचा अंदाज घेत आहेत. आतोबांचा चेहरा पडला होता. खरी गोष्ट कबूल करावी आणि वाचावं, इतकं सोपं होतं ते. पण अठ्ठावीस वर्षं ज्याने लोकांच्या जबान्या जपल्या, त्याला स्वतःची जबानी दोन मिनिटांत फिरवता येईना. दिली ती दिली, हे दप्तर त्यांच्या अंगात भिनलं होतं. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली. ती मला ओळखीची होती. वाक्य तयार असतं आणि तोंडापर्यंत येऊन थांबतं, तेव्हा ओठ तसे हलतात.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी धोंड्यावरून उठले. पायाखालून एक दगड घरंगळत गेला, त्यामुळे सगळ्यांनी आपोआपच माझ्याकडे पाहिलं. आता शाई संपली असं म्हणायची सोय नव्हती.

"आतोबा आज पहिल्यांदाच गडावर येतायत," मी म्हणाले. "त्यांना रुमालांमुळे कधी सुट्टीच मिळाली नाही. लोकांनी मायेने जवळ सांगितलं आणि त्यांनी ते खरं धरलं. अंतरं चुकली आहेत हे मला पक्की प्रत करतानाच कळलं होतं. मी बोलले नाही, म्हणून ती तशीच गेली. आता इथून वरपर्यंत तुमचं घड्याळ आतोबांच्या हाती द्या. मी पावलं मोजते, आणि वेळ आतोबा सांगतील तशी लिहून घेते."

प्रोफेसरांनी साखळी सोडून घड्याळ आतोबांच्या हातात ठेवलं आणि मिटलेली वही पेन्सिलीसकट माझ्यापुढे धरली.